उमेदवारीची अखेर कसोटीने: कारागिरांची स्थानिक कौशल्य परीक्षा कशी उभी करावी

सुतारकाम, शिवणकाम, गवंडीकाम, वेल्डिंग, गाडीदुरुस्ती, केशकर्तन असे अनेक व्यवसाय जगभर आजही मुख्यतः उस्तादाच्या हाताखाली राहूनच शिकले जातात. या पद्धतीत शिकणे आणि प्रत्यक्ष काम करणे वेगळे काढता येत नाही, आणि हेच तिचे बळ आहे. तिचा कच्चा दुवा शेवटाला आहे. उमेदवारी कधी संपली, हे बहुतेक ठिकाणी एकटा उस्ताद ठरवतो, नाहीतर वर्षांचा हिशेब ठरवतो. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने अनेक व्यवसायांत किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती आणि त्या कायद्यातील उमेदवारीची कलमे १८१४ मध्ये रद्द झाली. अडीचशे वर्षे कायद्याने काळ मोजला, मुलाच्या हाताला काय येते हे मोजले नाही. पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांत उमेदवाराला ‘मोकळे’ करण्याचा समारंभ असतो, त्यासाठी घरच्यांना पैसे मोजावे लागतात, आणि ते जमले नाहीत तर काम पुरते आलेला तरुणही तिथेच अडकून पडतो.

स्थानिक पातळीवर, कारागिरांनीच चालवलेली अंतिम कौशल्य परीक्षा हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे. तिच्यातून प्रमाणपत्र मिळते, पण तिचा मोठा उपयोग वेगळाच आहे. शेवटी नेमके काय तपासले जाणार आणि कोणत्या तारखेला, हे उस्तादाला व उमेदवाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल, तर मधली वर्षे झाडलोट करण्यात आणि सामान आणून देण्यात वाया जाणे कठीण होते. म्हणून पुढे प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा आहे: या निर्णयाचा कार्यशाळेतल्या रोजच्या शिकवण्यावर काय परिणाम होईल?

परीक्षा कोणाच्या हाती असावी

परीक्षा पूर्णपणे सरकारी खात्याकडे सोपवली, तर ती लेखी होण्याकडे झुकते, केंद्र लांब जाते आणि वाचता-लिहिता न येणारा कुशल उमेदवार बाहेर राहतो. ती पूर्णपणे उस्तादांच्या संघटनेकडे ठेवली, तर दुसरा धोका उभा राहतो, आणि इतिहासात तो भरपूर दिसतो. मध्ययुगीन युरोपातील कारागीर संघांनी उस्तादपदासाठी उत्तम नमुनाकाम करून दाखवण्याची अट घातली होती. पुढे अनेक शहरांत तो नमुना इतका खर्चिक केला गेला की गरीब कारागिराला तो परवडू नये, आणि उस्तादांच्या मुलांना मात्र सवलत मिळावी. कसोटीचे कुंपण व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून परीक्षा मंडळ मिश्र असावे. जर्मनीतील कारागिरी व्यवसायांची रचना या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. तेथे परीक्षा मंडळात किमान ३ सदस्य असतात. मालक आणि कामगार या दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समसंख्य असतात आणि निदान एक व्यवसाय-शिक्षक असतो. परीक्षा तिथलेच लोक चालवतात, पण एकाच गटाच्या मर्जीवर नाही. आपल्या भागात अशी मोठी व्यवस्था नसली तरी तत्त्व तेच ठेवता येते: दोन अनुभवी उस्ताद, नुकतेच स्वतंत्रपणे काम करू लागलेले दोन कारागीर, आणि ज्याचा त्या व्यवसायात धंद्याचा संबंध नाही असा एखादा तांत्रिक शिक्षक किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रतिनिधी. तरुण कारागिरांना मंडळात घ्यायला संघटना सहसा तयार नसतात. तिथे आग्रह धरावा, कारण कोणती गोष्ट आपल्याला कधी शिकवलीच गेली नाही, हे त्यांनाच सर्वांत ताजे आठवत असते.

मंडळाने पहिल्याच बैठकीत एक नियम लिहून काढावा: कोणताही उस्ताद स्वतःच्या उमेदवाराला किंवा नातेवाइकाला गुण देणार नाही. गाव लहान असेल आणि सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागत असतील, तर शेजारच्या तालुक्यातून परीक्षक बोलवावेत आणि त्यांच्या परीक्षेला आपले पाठवावेत. अशी अदलाबदल जवळपास खर्चाशिवाय होते, आणि दोन ठिकाणचा दर्जा एकमेकांच्या जवळ येतो.

कामांची यादी: अभ्यासक्रम नव्हे, व्यवसायाचा नकाशा

परीक्षा ठरवण्याआधी व्यवसायात नेमकी कोणती कामे करावी लागतात, याची यादी हवी. त्यासाठी आठ-दहा चांगल्या कारागिरांना दोन दिवस एकत्र बसवावे आणि शिकवणाऱ्यांनी नव्हे, काम करणाऱ्यांनी बोलावे. प्रत्येक काम एका कागदावर, क्रियापदासह लिहावे: ‘माप घेणे’, ‘कापड बेतणे’, ‘काज करणे’, ‘बाही बसवणे’. ‘शिवणकामाचे ज्ञान’ अशी नोंद कोणी केली तर ती बाजूला ठेवावी, कारण ती तपासता येत नाही. कागद भिंतीवर लावून एकसारखी कामे एकत्र करावीत. मग प्रत्येक कामापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: हे काम आठवड्यातून किती वेळा करावे लागते, आणि ते चुकले तर किती नुकसान होते? वारंवार होणारी आणि चुकल्यास महाग पडणारी कामे परीक्षेत यायलाच हवीत. क्वचित होणारी, शोभेची कामे नसली तरी चालतात. जुन्या उस्तादांचा जीव नेमका त्यांच्यातच गुंतलेला असतो, तेव्हा इथे थोडी ओढाताण होईल.

यादी तयार झाली की तिची सोप्या भाषेतील, शक्य तर चित्रांसहची प्रत प्रत्येक कार्यशाळेत लावावी. उमेदवाराला तिचीच छोटी वही द्यावी. प्रत्येक कामापुढे तीन रकाने असावेत: पाहिले, मदतीने केले, एकट्याने केले. उस्तादाने तारखेसह सही किंवा खूण करावी. दर सहा महिन्यांनी संघटनेच्या प्रतिनिधीने कार्यशाळेत जाऊन वही पाहावी. संपूर्ण योजनेतील ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, आणि कार्यशाळेतला बदल बहुधा हिच्यापासूनच सुरू होतो. दोन वर्षे झाली तरी ‘बेतणे’ या कामापुढचा रकाना रिकामाच असेल, तर बोलणे तिथूनच सुरू करता येते. कोणावर आरोप करावा लागत नाही, वही उघडून दाखवली की पुरते.

परीक्षेचे काम निवडणे

चांगल्या परीक्षा-कामात यादीतील अनेक कामे एकाच वस्तूत यावीत, ते एका दिवसात पुरे व्हावे, साहित्य सगळ्यांना सारखे देता यावे आणि तयार झालेली वस्तू नंतर विकता किंवा वापरता यावी. सुतारकामाचे उदाहरण घेऊ. कपाट हे परीक्षेला वाईट काम आहे: लाकूड फार लागते, वेळ जातो आणि अर्धे गुण पॉलिशच्या चकाकीवर जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा चार पायांचे, खाली आडपट्ट्या असलेले साधे स्टूल चांगले. त्यात आराखडा वाचणे, आखणी, करवतीने कापणे, रंधा मारणे, पटाशीने खाच पाडणे, कुसू बसवणे, जुळणी आणि सफाई हे सगळे येते.

अशा स्टुलाची तपासणी जवळून कशी करायची ते पाहू. परीक्षक प्रथम ते सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबतो. एखादा पाय उचलला गेला, तर फटीत किती जाडीचा कागद किंवा पट्टी सरकते ते पाहतो. मग वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतो. चौकट काटकोनात असेल तर दोन्ही सारखे येतात. ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल, त्यापुढे गुण कमी, असे आधीच ठरलेले असते. नंतर प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद घालून पाहतो: तो आत गेला तर सांधा सैल आहे, मग वरून भुसा आणि गोंद भरून फट कितीही बेमालूम बुजवलेली असो. या तिन्ही तपासण्यांना मतमतांतर लागत नाही. हीच परीक्षा दोन वेगळ्या माणसांनी घेतली तरी निकाल जवळपास तोच येईल, आणि स्थानिक परीक्षेला विश्वास मिळतो तो यातूनच.

काही गोष्टी मात्र तयार वस्तूत दिसत नाहीत. पटाशी चालवताना दुसरा हात धारेच्या पुढे ठेवला होता का, आखणी एकाच बाजूकडून केली की प्रत्येक वेळी बाजू बदलली, चुकलेले लाकूड गुपचूप बदलले का, हे काम चालू असतानाच पाहावे लागते. त्यामुळे एका परीक्षकाकडे पाच-सहापेक्षा जास्त उमेदवार देऊ नयेत.

काम परीक्षेला लावण्यापूर्वी एका पुऱ्या कारागिराकडून आणि एका शेवटच्या वर्षातील उमेदवाराकडून ते करून घ्यावे. कारागिराला चार तास लागले, तर परीक्षेत सहा तास द्यावेत. ही रंगीत तालीम टाळली, तर परीक्षेच्याच दिवशी लक्षात येते की आराखड्यातील एक माप जुळत नाही किंवा दिलेले लाकूड कमी पडते. मग सगळ्यांनाच जादा वेळ द्यावा लागतो आणि पहिल्याच वर्षी परीक्षेची पत जाते.

गुणपत्रिका आणि परीक्षकांची तयारी

१०० पैकी साधारण ६० गुण तयार वस्तूला, २५ काम करण्याच्या पद्धतीला आणि १५ तोंडी प्रश्नांना ठेवावेत. व्यवसायाप्रमाणे हे बदलता येईल. विजेच्या कामात पद्धतीचा वाटा वाढवावा, कारण तिथे दिसायला सुबक वायरिंगही जीवघेणे असू शकते. त्याच कारणासाठी प्रत्येक व्यवसायात दोन-तीन ‘अपरिहार्य’ बाबी ठरवाव्यात, ज्या चुकल्या तर बाकी गुण कितीही असले तरी उमेदवार उत्तीर्ण होत नाही: अर्थिंग न जोडणे, चालू मुख्य स्विचवर काम करणे, जॅकवर उचललेल्या गाडीखाली आधार न लावता शिरणे. अशा बाबींची संख्या थोडीच असावी. दहा-बारा झाल्या की परीक्षक डोळेझाक करू लागतात आणि मग एकीलाही अर्थ उरत नाही.

‘उत्तम, मध्यम, सुमार’ अशा श्रेणी टाळाव्यात. गुणपत्रिकेतील प्रत्येक ओळ हो-नाही किंवा मोजमाप या स्वरूपात असावी. तोंडी प्रश्न उमेदवाराच्या बोलीत, समोर वस्तू ठेवून विचारावेत: “हा सांधा असाच का घेतला?”, “ग्राहकाने दोन बोटे ढिले सांगितले तर कुठे वाढवाल?” व्याख्या विचारू नयेत. वाचता-लिहिता येणे व्यवसायात जेवढे खरोखर लागते तेवढेच तपासावे. आराखडा वाचणे आणि मापे लिहिणे एवढ्यावर बहुतेक व्यवसायांचे भागते. बेनिनने २००५ मध्ये पारंपरिक उमेदवारीसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आणले, तेव्हा शालेय शिक्षण नसलेल्या उमेदवारांनाही त्यात जागा ठेवली. नाहीतर ज्यांच्यासाठी परीक्षा काढायची, तेच दाराबाहेर राहिले असते.

परीक्षकांचे प्रशिक्षण एका दिवसात होऊ शकते. टेबलावर तीन तयार वस्तू ठेवाव्यात, एक चांगली, एक बरी आणि एक दिसायला सुंदर पण आतून कच्ची. प्रत्येकाने शेजाऱ्याशी न बोलता गुण द्यावेत आणि मग आकडे फळ्यावर लिहावेत. पहिल्या फेरीत मोठी तफावत येतेच. कोणत्या ओळीमुळे ती आली ते शोधून तिची भाषा सुधारावी आणि पुन्हा गुण द्यावेत. प्रत्यक्ष परीक्षेतही दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. दोघांत १० पेक्षा जास्त गुणांचा फरक पडल्यास तिसऱ्याने पाहावे. तयार वस्तूंवर नाव नसावे, फक्त आसनक्रमांक असावा.

परीक्षेला कोण बसू शकेल

इथे सर्वांत जास्त विरोध होतो आणि इथेच ठाम राहावे लागते. उमेदवारीच्या सुरुवातीला उस्ताद, उमेदवार आणि पालक यांच्यात लेखी करार व्हावा. त्यात कालावधी, शिकवायची कामे, मिळणारा मेहनताना आणि परीक्षेचा महिना लिहावा, आणि एक प्रत संघटनेकडे राहावी. करारातील मुदत संपली की उमेदवाराला उस्तादाच्या सहीशिवाय परीक्षेचा अर्ज करता आला पाहिजे. ही तरतूद नसेल तर सगळी परीक्षा पुन्हा उस्तादाच्या मर्जीवर येते, कारण हाताशी आलेला, कमी पैशांत काम करणारा माणूस सोडायची कोणालाच घाई नसते.

उस्तादांची भीती अगदीच निराधार नाही. “मी चार वर्षे शिकवायचे आणि प्रमाणपत्र मिळताच त्याने समोर दुकान थाटायचे” ही तक्रार जवळपास प्रत्येक बैठकीत ऐकू येते. समजूत घालून हा प्रश्न सुटत नाही, करारात त्याचे उत्तर ठेवावे लागते: शेवटच्या वर्षात उमेदवार जे उत्पन्न देणारे काम करतो, त्याचा न्याय्य हिशेब दोघांसाठी लिहिलेला असावा, आणि ज्या उस्तादाचे उमेदवार उत्तीर्ण होतात त्याला ‘मान्यताप्राप्त प्रशिक्षक’ असा फलक मिळावा. त्या फलकाकडे पाहून ग्राहकही येतात आणि नवे उमेदवारही.

कराराशिवाय शिकलेल्यांसाठीही दार उघडे असावे. जर्मन नियमांनुसार, ज्याने त्या व्यवसायात विहित प्रशिक्षणकाळाच्या किमान दीडपट काळ काम केले आहे, तो बाहेरचा उमेदवार म्हणून परीक्षेला बसू शकतो. वर्षानुवर्षे काम करूनही हाती कागद नसलेल्यांना सामावून घेण्याचा हा साधा मार्ग आहे. पहिल्या दोन-तीन परीक्षांना अशीच मंडळी मोठ्या संख्येने येण्याची शक्यता असते, आणि ते चांगलेच आहे: तरुण उमेदवारांना कळते की परीक्षा खऱ्या कारागिरांची आहे.

परीक्षेचा दिवस

केंद्र कोणाही स्पर्धक उस्तादाच्या कार्यशाळेत नसावे. तंत्रशाळा किंवा सार्वजनिक सभागृह बरे. साहित्य एकाच खेपेतून घ्यावे आणि दहा टक्के जास्त ठेवावे. हत्यारे उमेदवाराने स्वतःची आणावीत, यंत्रे मात्र सर्वांना एकच असावीत आणि त्यांवर हात बसवायला आदल्या दिवशी तासभर द्यावा. वीज जाण्याची शक्यता असेल तर हाताने करता येणारे पर्यायी काम तयार ठेवावे. प्रथमोपचार पेटी आणि ती वापरता येणारी व्यक्ती, दोन्ही हजर हवीत. बाळंतपण, आजार किंवा घरच्या देखभालीमुळे येऊ न शकणाऱ्यांसाठी पर्यायी तारीख आधीच जाहीर करावी. शिवणकाम आणि केशकर्तन अशा व्यवसायांत तिची गरज पडतेच.

निकाल आणि फेरपरीक्षा

उत्तीर्ण झालेल्यांची यादी सार्वजनिक लावावी. अनुत्तीर्ण उमेदवाराला मात्र निकाल एकांतात, गुणपत्रिकेतील ओळींसह समजावून सांगावा. कोणत्या कार्यशाळेचे किती नापास झाले, याची जाहीर तुलना पहिली काही वर्षे करू नये, असे माझे मत आहे; अब्रू जाण्याच्या भीतीने उस्ताद कच्चे उमेदवार पाठवणेच बंद करतात आणि निकाल खोटाच सुधारतो. तोच तपशील उस्तादाला मात्र खाजगीत जरूर द्यावा.

फेरपरीक्षा सहा महिन्यांच्या आत आणि फक्त राहिलेल्या भागाची असावी. जर्मनीत अनुत्तीर्ण उमेदवाराला आणखी २ संधी मिळतात. हे प्रमाण रास्त वाटते. तक्रारीसाठी सात दिवसांची मुदत द्यावी आणि तोवर सर्व वस्तू आसनक्रमांकासह कुलपात ठेवाव्यात. वस्तू समोर असली की बहुतेक तक्रारी पाच मिनिटांत मिटतात.

प्रमाणपत्राला किंमत कशी येते

प्रमाणपत्रावर फक्त ‘उत्तीर्ण’ असे न लिहिता मागच्या बाजूला तपासलेल्या कामांची यादी छापावी. काम देणाऱ्याला त्यातूनच काहीतरी कळते. क्रमांकांची नोंदवही संघटना आणि स्थानिक स्वराज्य संस्था या दोन्ही ठिकाणी ठेवावी, म्हणजे खोटे प्रमाणपत्र लगेच ओळखता येईल. देशात राष्ट्रीय कौशल्य प्रमाणपत्र असेल, तर दोन-तीन परीक्षा नीट पार पडल्यावर कागदपत्रांसह संबंधित खात्याकडे जावे. आधी मान्यता, मग परीक्षा, असा क्रम धरला तर वर्षे निघून जातात. दरम्यान स्थानिक ठेकेदार, गृहनिर्माण संस्था आणि कर्ज देणाऱ्या पतसंस्था यांना परीक्षा पाहायला बोलवावे. समोर सहा तास चाललेले काम पाहिलेला ठेकेदार पुढच्या खेपेला प्रमाणपत्र मागू लागतो.

खर्च

साहित्य, परीक्षकांचा प्रवास आणि मानधन, केंद्राचे भाडे आणि छपाई, एवढेच मुख्य खर्च आहेत. जर्मनीत ही परीक्षा उमेदवारासाठी निःशुल्क असते. तसे जमत नसेल, तर शुल्क उमेदवारीच्या काळात थोडे थोडे करून संघटनेकडे जमा करावे, शेवटी एकदम मागू नये. एकदम मागितलेले शुल्क म्हणजे जुन्या ‘मोकळे’ करण्याच्या रकमेचेच नवे नाव. परीक्षेत तयार झालेल्या वस्तूंचा लिलाव करून साहित्याचा बराच खर्च भरून काढता येतो. परीक्षकांचे मानधन उत्तीर्णांच्या संख्येशी कधीही जोडू नये.

पहिल्या परीक्षेनंतर

निकाल लागल्यावर महिनाभरात सर्व उस्तादांची बैठक घ्यावी आणि व्यक्तींची नावे न घेता प्रत्येक ओळीत किती जण चुकले, याचा तक्ता मांडावा. समजा, शिवणकामात बहुतेकांचे काज उत्तम आहेत, पण निम्म्यांना अंगावरून माप घेऊन कापड बेतता येत नाही. मग कारण उघड आहे: कार्यशाळेत बेतण्याचे काम उस्ताद स्वतःकडे ठेवतो, कारण कापड वाया गेले तर नुकसान त्याचे. यावर उपदेश करून उपयोग नाही. संघटनेने जुने कापड किंवा कागद गोळा करून उमेदवारांसाठी महिन्यातून एक दिवस बेतण्याचा सराव ठेवावा आणि ज्यांना ते शिकवण्याची हातोटी आहे अशा एक-दोन उस्तादांकडे तो सोपवावा. उस्तादांनाही नव्या यंत्राची किंवा पद्धतीची माहिती नसल्याचे तक्त्यातून दिसले, तर आधी त्यांच्यासाठी वर्ग ठेवावा.

याच बैठकीत ज्या ओळींत परीक्षकांची मते सर्वांत जास्त वेगळी पडली, त्या दुरुस्त कराव्यात, कामांच्या यादीत भर किंवा काटछाट करावी आणि सुधारित यादी पुन्हा सर्व कार्यशाळांत लावावी. परीक्षेचे काम दरवर्षी बदलावे, यादी मात्र तीन वर्षांतून एकदाच मुळापासून तपासावी, नाहीतर कार्यशाळांना तिच्याबरोबर चालता येत नाही. बैठक संपण्यापूर्वी पुढच्या परीक्षेची तारीख ठरवून ती नव्या करारांच्या मसुद्यात लिहावी.